मशीनला लावलेलं कुंकू

मतदानाचं मशीन मी पहिल्यांदा हाताळलं ते कोडोलीकडच्या एका गावात. मी केंद्राध्यक्ष. वर्गात नुसते डोळे वटारून पोरं गप्प करणारी बाई मी, पण त्या मशीननं माझ्याच तोंडचं पाणी पळवलं होतं. तशी भानगड सोपी. एक पेटी आमच्या टेबलावर, दुसरी पुठ्ठ्याच्या आडोशाला, मध्ये वायर. आम्ही इकडचं बटण दाबलं की तिकडची पेटी एक मत घेणार, एकच. मतदारानं चिन्हासमोरचं निळं बटण दाबलं की लांबलचक ‘पीं’ वाजणार. झालं मत!

सकाळी पहिल्या नंबरला एक आजी आल्या. त्यांचा लेक एका उमेदवाराचा एजंट म्हणून समोरच बाकावर बसला होता.

“आये, सांगितलेलं ध्यानात हाय न्हवं?”

“ओ, इथं प्रचार नको!” मी खेकसले.

आजी आत गेल्या. बराच वेळ काही वाजेना. माझा जीव टांगणीला. शेवटी एकदाचं ‘पीं’ झालं आणि आजी हसत बाहेर आल्या. अंगठा लालभडक, हातात कुंकवाची डबी.

“आजी, हे काय?”

“नवं मशीन न्हवं? नव्या ट्रॅक्टरला लावतोच की! ज्येला मत दिलं, त्येच्या बटनाला लावलं.”

लेक ताडकन उठला. “बघू, कुठल्या?”

आजींचा चेहरा खर्रकन उतरला. मला काय समजायचं ते समजलं. याला ते कुंकू दिसलं असतं, तर म्हातारीला घरात सुखानं घास गिळू दिला नसता.

“खाली बसा! आत कुणी यायचं नाही!” असं ओरडून मी ओला रुमाल घेऊन आडोशाला गेले. कुंकू एकाच बटणावर होतं, चांगलं ठसठशीत. आणि ते लेकाच्या उमेदवाराचं नव्हतं. अगं बाई! मला हसू आवरेना. घासूनपुसून सगळी बटणं लख्ख केली आणि तोंड सरळ करून बाहेर आले.

“आमच्याच बटनावर हुतं न्हवं, बाई?”

“पुसलं. चला, पुढचा मतदार!”

तो आईकडं वळला. “आये, तू तरी सांग की.”

आजी दारात थांबल्या. डबी कनवटीला खोचत म्हणाल्या, “घर तुला दिलं, रान तुला दिलं. येवढं एक मत तरी माझं ऱ्हाऊ दे की रं.”