मागची सीट

अरुण गेला त्या सकाळी मी त्याच्या फाटकाशी स्कूटर उभी करून नेहमीसारखा दोनदा हॉर्न वाजवला. वाठोड्यात आमची घरं एकाच गल्लीत. वहिनी ओल्या हातांनी बाहेर आल्या. "भाऊजी, जरा आत या नं. हे उठूनच नाही राहिले..." आत गेलो, हात लावला, तेव्हा कळलं. बाहेर गाडी तशीच चालू होती.

कळमन्याच्या बाजारात एकाच अडत्याकडे आम्ही दोघं मुनीम. पूर्वी अरुण घरून बाजारापर्यंत पळत यायचा आणि संध्याकाळी पळतच परतायचा. त्याचे कपडे आणि डबा असलेली पिशवी माझ्या स्कूटरच्या हुकाला. पळणं त्याला कोणी शिकवलं नव्हतं. लहानपणी गावी, खाप्याला, शाळेत उशीर व्हायचा म्हणून पळायचा, तेच पुढे चालू राहिलं. "पळताना डोकं रिकामं होते गा," एवढंच सांगायचा. हमाल त्याला बिनडिझेलचा ट्रक म्हणत. संत्र्यांच्या हंगामात रस्त्यावर गाड्यांची रांग लागली की मी धुरात अडकलेला, आणि हा हात हलवत कडेनं पुढे निघून जायचा. मी पोचेपर्यंत गोदामामागच्या नळाखाली त्याची आंघोळ उरकलेली, टॉवेल गुंडाळून पिशवीची वाट पाहत उभा. मग हमाल मला सोडत नसत. "मुनीमजी, विकून टाका थे गाडी! पळणाऱ्याचे कपडे न्यायले काहून पेट्रोल जाळता?" सगळे हसायचे, अरुणही. मीही हसायचो... पण ते मला लागत होतं.

एक दिवस शेठना एकटं पाहून मी म्हणालो, बाहेरगावचे व्यापारी येतात, आपला मुनीम नळाखाली उघडा आंघोळ करतो, त्यांना बरं वाटत नाही. एकाही व्यापाऱ्यानं तक्रार केली नव्हती. शेठनी त्याचं पळत येणं बंद केलं. "कोणं सांगितलं असन गा?" अरुणनं मला विचारलं. "काय माहीत," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवसापासून तो माझ्या मागं बसू लागला. "तू आहे म्हणून बरं आहे, नाही तर दोन ऑटो बदलावे लागले असते," म्हणाला. संध्याकाळचं पळणंही मग सुटलं. सकाळी पळालो नाही तर पाय उठत नाहीत, म्हणायचा. अशी किती वर्षं गेली. पळणं सुटलं म्हणून त्याचं हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले नाहीत, मीही म्हणत नाही. पण त्याची रोजची सकाळ मी काढून घेतली, एवढं मला ठाऊक आहे.

परवा वहिनींना सगळं सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या. मग म्हणाल्या, "ते तर रोज घरी येऊन तुमचंच चांगलं सांगत होते, भाऊजी." ताट उचलून आत गेल्या. परत बाहेर आल्या नाहीत.

बाजाराच्या अलीकडे थोडा मोकळा रस्ता आहे. तिथं आलो की मागं बसलेला अरुण माझ्या खांद्यावर थाप मारायचा, "थांब गा." उतरायचा, चपला हातात घ्यायचा आणि बाजाराच्या फाटकापर्यंत पळायचा. घाम येणार नाही इतकंच. मी अजून तिथं गाडी थांबवतो. मागची सीट हलकी व्हायची वाट पाहतो... मग निघतो.