वाटणीतला डग्गा

आमच्या घराची वाटणी झाली तेव्हा पंचांनी बैल, भांडी, शेताचे बांध सगळं बिनबोभाट वाटलं आणि अडले ते डेकपाशी. डेक म्हणजे रेकॉर्ड प्लेअर, अँप्लिफायर आणि दोन भलेमोठे लाकडी बॉक्स. भातसानगरच्या कॉलनीतले एक साहेब बदली होऊन जाताना तो मोठ्या काकांना देऊन गेले होते, आणि काका नि बाबा या दोघा भावांनी तो बैलगाडीत पेंढ्यावर ठेवून शेणव्याजवळच्या आमच्या गावी आणला होता. पंचांतल्या सर्वांत वयस्कर माणसाने डेककडे बराच वेळ पाहिलं आणि निकाल दिला, "दोन खोकी हायत. एकेक घ्या. भांडता कशाला?" यंत्र आमच्याकडे राहिलं, रेकॉर्डी काकांकडे गेल्या. स्टिरिओ या शब्दाचा इतका न्याय्य अर्थ मी पुढे कुठल्याही पुस्तकात वाचला नाही.

घराच्या मधोमध कारवीचा कूड उभा राहिला, मातीने लिंपलेला आणि कौलांपर्यंत न पोचलेला. त्याला भोक पाडून एक वायर पलीकडे सोडली. आमच्या बॉक्सला बाबांनी तारा जोडल्या, पलीकडच्या बॉक्सला काकांनी. दोघांचं बोलणं बंद होतं, त्यामुळे कोणती तार कुठे लावली हे एकमेकांना विचारायचा प्रश्नच नव्हता. दोन्ही बॉक्स कुडाला पाठ लावून, आपापल्या घराकडे तोंड करून बसले.

व्यवहार तसा सुरळीत चालला. काकांना गाणं ऐकावंसं वाटलं की काकी मागच्या दाराने आईला रेकॉर्ड द्यायची, विरजण द्यावं तशी. आई ती बाबांपुढे ठेवायची आणि बाबा, ती कुठून आली हे ठाऊकच नसल्यासारखे, लावायचे. गाणं काकांच्या पसंतीचं, आवाज आमच्या मर्जीचा.

तक्रार एकच होती, डग्ग्याची. पूर्वी गावच्या भजनात काका गायचे आणि बाबा तबला वाजवायचे. वाटणीनंतर काकांनी गाणं सोडलं आणि बाबांचा तबला-डग्गा माळ्यावर गेला. ऐकणं तेवढं उरलं होतं, तर त्यातून डग्गाच नाहीसा झाला. तबला टणटणीत यायचा, झांजा यायच्या, डग्गा मात्र उपाशी माणसाने वाजवल्यासारखा. "त्याच्या खोक्यात गेला," बाबा म्हणायचे. तिकडे काकांनाही डग्गा ऐकू येत नव्हता, आणि तो यंत्राबरोबर आमच्याकडे आला याबद्दल त्यांना शंका नव्हती. वाटणीत आपल्याला कमी मिळालं असं सगळ्यांनाच वाटतं. आमच्याकडे रोज संध्याकाळी त्याचा पुरावा वाजायचा.

मी एव्हाना कल्याणला नोकरीला लागलो होतो आणि जुन्या यंत्रांच्या नादी लागलो होतो. मित्र नवे कॅसेट प्लेअर घेत, मी मुरबाडच्या भंगारवाल्याकडून मेलेले अँप्लिफायर घरी आणी. "लोकं पगार आणतात, यो भंगार आणतो," असं आई येईल त्या पाहुण्याला सांगायची. मग नव्वदीच्या अखेरीला आमचा डेक बंद पडला, आणि माझी घरातली किंमत एकदम वाढली.

बाबांचे कान तेव्हा मंदावले होते. बारीक आवाज आधी जातात, जाडे त्यातल्या त्यात टिकतात, असं डॉक्टर म्हणाले होते. म्हणजे बाबांना जे शेवटपर्यंत ऐकू येणार होतं, नेमकं तेच आमच्या डेकमधून येत नव्हतं. "नाय जमलं तर राहू दे," असं ते मला म्हणाले, आणि मी काम संपवेपर्यंत जागचे हलले नाहीत.

मी फुगलेले कंडेन्सर बदलले, सैल पडलेला पट्टा काढून नवा घातला. डेक सुरेख वाजायला लागला. डग्गा नाही. म्हणून तपासायला मी पलीकडे जाणारी वायर काढली, तर आमच्या बॉक्समधून डग्गा असा घुमला की बाबा उठून उभे राहिले. "बघ! त्याचा बंद केला की इकडं येतो. इतकी वर्षं खातोय!" कुडापलीकडून काका काकीला, पण आम्हाला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले, "बघितलंस? आमचं बंद करून सगळं तिकडं ओढलं."

मी मात्र डोक्याला हात लावला. दोन्ही बॉक्सच्या तारा एकमेकींच्या उलट जोडलेल्या होत्या. एक बॉक्स हवा ढकलत होता तेव्हा दुसरा ओढत होता. बारीक आवाज त्यातून निसटत होते आणि डग्गा मात्र कुडापाशी जिरत होता. तो कुणीच नेला नव्हता. कुणीतरी एकाने आपल्या बॉक्सच्या दोन तारांची अदलाबदल केली की संपलं, हे मी बाबांना दाखवलं. "मग त्याला सांग. आपली बरोबर हाय," बाबा म्हणाले. मी पलीकडे जाऊन काकांनाही दाखवलं. "माझी बरोबर हाय. त्याला सांग," काका म्हणाले. चूक दोघांपैकी एकाचीच अशी नव्हतीच, पण हे ऐकायला दोघांपैकी कुणी तयार नव्हतं. मी वायर पुन्हा होती तशी जोडली आणि वैतागून कामावर निघून गेलो.

पुढच्या सुट्टीला आलो तर बाबा घुम्यासारखे बसलेले. आई हळूच म्हणाली, "त्यांनी फिरवली रे तार. आपल्या हातानं. तरी डग्गा आला नाय." मी बॉक्सच्या मागे पाहिलं. खरंच फिरवली होती. मग काय झालं असेल ते माझ्या लक्षात आलं आणि मी पलीकडे धावलो. काका तोंड पाडून बसले होते. त्यांच्याही तारा फिरलेल्या होत्या. दोघांनी गुपचूप माघार घेतली होती, आणि बॉक्स पुन्हा जसेच्या तसे एकमेकांच्या उलट झाले होते.

मला हसू आलं. घरी येऊन मी बाबांच्या कानाशी मोठ्याने सांगितलं, "काकांनीपण फिरवली." बाबा कुडाकडे वळले. मग कान गेलेली माणसं बोलतात तसे, गावाला ऐकू जाईल असे ओरडले, "दादा, थांब! तू नको फिरवू आता. मी फिरवतो."

आईच्या हातातलं सूप थांबलं.

"मी मोठा हाय," काकांचा तितकाच मोठा आवाज आला. "मी फिरवतो. तू हात लावू नको."

"बरं. नाय लावत."

मी रेकॉर्ड लावली. पलीकडे खुडबुड झाली, आणि डग्गा आला. कुडाची थोडी माती झडली. बाबांनी तळहात बॉक्सवर ठेवला, आणि मग दोन्हीकडून दोघांनी एकदमच विचारलं, "तिकडं आला का रे?"