डोंग्यात मावणारा कॅमेरा: कुरखेड्याच्या तलावावर उडत्या पाखरांमागे तीन दिवस

बत्तीस वर्षं सरकारी दवाखान्यात सिस्टर म्हणून काढली. "दुखतं तर सांगायचं, लपवायचं नाही," असं किती पेशंटना दटावलं असेल याची गणती नाही. आणि मागच्या पावसाळ्यापासून माझा स्वतःचा उजवा खांदा धड वर जात नव्हता, तेव्हा मी काय सांगत फिरत होते? "काही नाही जी, जरा लचक भरली."

लचक कसली डोंबलाची! खांद्याचा स्नायू फाटलाय, हे हाडांच्या डॉक्टरांनी तपासणीचे फोटो समोर धरून सांगितलं होतं. जड उचलणं बंद. माझ्या आयुष्यात जड वस्तू एकच, निवृत्तीच्या पैशातून घेतलेली मोठी लेन्स आणि तिच्यामागचा तेवढाच दणकट कॅमेरा. बसलेला पक्षी ट्रायपॉडवरून मिळतो. उडता पक्षी हातात कॅमेरा धरून, अंग फिरवत काढावा लागतो, निदान मला तरी तसाच जमतो. म्हणजे एक तर हलका कॅमेरा कामाचा निघायला हवा, नाहीतर उडती पाखरं विसरायची आणि कुंपणावरच्या चिमण्या काढत बसायचं. चिमण्यांशी माझं वैर नाही, पण त्यांच्यासाठी एवढी लेन्स घेतली नव्हती.

विकत घेण्याआधी भाड्याने आणून पाहायचं ठरवलं. आमचे मिस्टर, अशोकराव, वीज केंद्रातून निवृत्त झालेले. त्यांना कावळा आणि कोकिळा यांतला फरक आवाजावरूनच कळतो, पण गाडी झकास चालवतात. तेच नागपूरला जाऊन लहान सेन्सरचा मिररलेस कॅमेरा आणि त्याची झूम लेन्स घेऊन आले. तीन दिवसांचं भाडं साडेचार हजार, डिपॉझिट वेगळं. हलकीशी पिशवी माझ्या हातात देत म्हणाले, "रिकामी नाही हं, आहे आत."

जानेवारीतल्या एका गुरुवारी सकाळी सहाला चंद्रपूर सोडलं. गाडीत दोन्ही कॅमेरे. मोठा कशाला, असं त्यांनी विचारलं. तुलना करायला, असं मी म्हटलं. खरं म्हणजे तो घरी ठेवून निघायला मन होत नव्हतं.

मूलपर्यंतचा रस्ता चांगला आहे. मधल्या जंगलात वेग आवरा आणि परतताना अंधार टाळा, कारण जनावरं रस्त्यावर येतात. मूलला तर्री-पोहे खाल्ले. तर्री इतकी जहाल की अशोकरावांचा चष्मा धुकटला. तिथून सावली, व्याहाड करत नवाच्या सुमारास वैनगंगेच्या पुलाशी पोचलो. गाडी पुलावर उभी करू नका, अलीकडे बाजूला लावून खाली वाळूत उतरा.

नदीवर सुरय होते. पांढुरका, लांब टोकदार पंखांचा, शेपटी दुभंगलेली, पिवळी चोच. हा पक्षी सरळ उडतच नाही. डावीकडे जातोय म्हणेस्तोवर पाण्यात सूर मारून मोकळा. हलक्या कॅमेऱ्याची परीक्षा घ्यायची तर याच्यासारखा मास्तर नाही.

परीक्षेत आम्ही सपशेल नापास. या कॅमेऱ्यात पक्षी ओळखून त्यावर फोकस धरायची सोय असते, दुकानदाराने तिचं कोण कौतुक केलं होतं. मोकळ्या आकाशात तो सुरय छान धरायचा. पक्षी खाली पाण्याजवळ आला की त्याला सोडून मागचं लव्हाळं पकडायचा. दीड तासात सहाशेच्या वर फ्रेम. त्यात लव्हाळ्याचे उत्तम फोटो, पाण्याचे बरे, सुरयाचे चार आणि चारही धूसर.

"खांदा कसा आहे?" अशोकरावांनी विचारलं.

"खांद्याचं काय घेऊन बसलात? फोटो पाहा, फोटो!" मी उसळले. तेव्हा लक्षात आलं की दीड तास हात वर-खाली करूनही खांदा ठणकत नव्हता. पण रागात होते, म्हणून ते कबूल केलं नाही.

गडचिरोलीत जेवलो. भात, वरण, पोपटाच्या म्हणजे वालाच्या शेंगांची भाजी आणि लाखोळीच्या डाळीचे वडे, दोघांचं मिळून दोनशेच्या आत. मग आरमोरी, वडसा करत चारच्या सुमारास कुरखेड्याच्या अलीकडच्या एका तलावावर आलो. तलावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. या भागात असे जुने तलाव गावोगावी आहेत. धानाला पाणी या तलावांचं आणि मासोळी ढिवरांची, म्हणजे इथल्या मासे धरणाऱ्यांची, असा पिढ्यान्पिढ्यांचा रिवाज.

तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर चढले आणि पाय जागीच थांबले. पलीकडच्या उथळ पाण्यात पट्टकादंब! डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले, हिमालय ओलांडून आलेले हंस, चाळीस तरी असतील. हलका कॅमेरा गाडीतच राहू दिला आणि मोठी लेन्स बाहेर काढली. सवयच तशी. अशोकरावांनी ट्रायपॉड उघडून दिला.

एवढ्यात तलावात दोन डोंगे शिरले. लाकडाचे अरुंद डोंगे, एकेकात एकेक माणूस. जाळं लांबवर सोडून झालं आणि त्यांनी बांबूने पाणी बडवायला सुरुवात केली. थाड, थाड, थाड! मासोळी घाबरून जाळ्याकडे जावी म्हणून असं करतात, हे मला लहानपणापासून माहीत आहे. माहीत असूनही मी पाळीवरून ओरडले, "ओ भाऊ! थांबा ना दहा मिनिटं! पाखरं उडतील!"

जवळच्या डोंग्यातला माणूस थांबला. साठीचा, डोक्याला गमछा. "कायचे फोटो काढून राह्यल्या बाई?"

"उडत्या पाखरांचे!"

त्याने शांतपणे बांबू पुन्हा उचलला. "मंग उडू द्या ना जी!"

पाळीवर मासोळीची टोपली घेऊन एक बाई बसली होती, ती पदर तोंडाला लावून हसायला लागली. अशोकराव तर पाठ फिरवून खोकल्याचं नाटक करू लागले. माय वो! उडत्या पाखरांसाठी शंभर किलोमीटरच्या वर आलेली मी, पाखरं उडू नयेत म्हणून दुसऱ्याचं पोटाचं काम थांबवत होते. आम्हा फोटोवाल्यांना हा रोगच आहे. तलाव आपल्यासाठी भरलेला आहे असं वाटतं.

हंस उडालेच. मी लेन्स ट्रायपॉडवरून सोडवली, छातीशी घेतली, वर उचलून फिरवली आणि खांद्यात अशी काही चमक निघाली की डोळ्यांपुढे अंधारी आली. लेन्स पडली नाही, कारण अशोकरावांनी खालून हात घातला. थवा डोक्यावरून गेला आणि मला त्यातल्या शेवटच्या तिघांच्या शेपट्या मिळाल्या.

मासोळीवाली बाई उठून आली. यशोदाबाई तिचं नाव, डोंग्यातले ते नामदेवभाऊ तिचे मालक. तिने मला पाळीवर बसवलं, पाणी दिलं आणि माझ्या मांडीवरच्या लेन्सकडे पाहत राहिली. "हे किती वजनाचं हाय वो?" मी उत्तर द्यायच्या आत तिने आपला काटा पुढे केला. मलाही काय सुचलं कोण जाणे, मी कॅमेऱ्यासकट लेन्स टॉवेलात गुंडाळून काट्याच्या आकड्याला अडकवली आणि खालून हाताचा आधार ठेवला. तीन किलो आठशे. मग अशोकरावांनी गाडीतून हलका कॅमेरा आणला. एक किलो चारशे.

"इतकं जड काऊन उचलता? खांदा गेला ना तुमचा?"

"नाही हो, जरा लचकला."

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी दारू पिऊन आलेल्या पेशंटकडे पाहायची.

अंधार पडायच्या आत नामदेवभाऊ काठाला लागले. मी माफी मागितली. त्यांनी ती फार मनावर घेतली नाही, नदीवर हुकलेल्या सुरयाची गोष्ट मात्र कान देऊन ऐकली. "पांढरं पाखरू पायजे काय तुमाले, पाण्यात बुडी मारते थे? सकारी या. आमी पाणी बडवलं का थे येतेच. लहान मासोळी उड्या मारते ना जाळ्यापाशी. पर मोठं मशीन नाई आणायचं. डोंग्यात तुमी याल, नाईतर थे येईन. दोघी नाई."

वडशाला परत येऊन लॉजवर मुक्काम केला. खोली साधी, स्वच्छ, हजाराच्या आत, गरम पाणी बादलीने. जेवून पलंगावर बसले आणि हलक्या कॅमेऱ्याची सेटिंग्ज एकेक करून बदलली. फोकसची चौकट सगळ्या फ्रेमभर होती ती मध्यभागी लहान केली. शटर सेकंदाच्या अडीच हजाराव्या भागावर नेलं. पांढरा पक्षी नुसता पांढराफटक येऊ नये म्हणून एक्स्पोजर जरा खाली घेतलं. बटण पूर्ण दाबण्याआधीच्या क्षणाच्या फ्रेमही जपून ठेवायची सोय चालू केली. हिच्यामुळे कार्ड भराभर भरतं आणि बॅटरी उतरते, दोन जादा बॅटऱ्या जवळ ठेवा. अशोकराव घोरत होते. मी मात्र लग्नाच्या आदल्या रात्रीसारखी टक्क जागी.

शुक्रवारी सातला तलावावर. पाण्यावर धुकं, थंडी अशी की बोटं वळेनात. डोंग्यात धानाचं तणस अंथरलेलं होतं, त्यावर पाय लांब करून बसले. काठ पाण्यापासून जेमतेम वीतभर वर. जरा कलले की नामदेवभाऊ म्हणायचे, "सरळ बसा जी, तलाव खोल हाय." पोहायला येतं का, हे त्यांनी निघाल्यावर विचारलं. येत नाही म्हटल्यावर मोटारीच्या ट्यूबचं एक वेटोळं माझ्याकडे सरकवलं. तुम्ही गेलात तर लाइफ जॅकेट सोबत न्या, माझ्यासारखा वेडेपणा करू नका.

दुसऱ्या डोंग्याने पाणी बडवायला सुरुवात केली. पाच मिनिटांत एक सुरय आला, मग तीन, मग मोजलेच नाहीत. मी कॅमेरा उचलून त्यांच्यामागे भिरभिरायला लागले, इकडे तिकडे, वर खाली. सगळे हुकले.

नामदेवभाऊंना राहवलं नाही. "पाखराच्या मांगं कायले धावता? जाळं पाहा. थे तिथीच येईन. अन् वारा तुमच्या मांगून हाय, म्हणजे तोंड तुमच्याकडं करून थांबन."

म्हणजे पाठीवर वारा घेऊन बसायचं आणि जाळ्याच्या तरंगणाऱ्या लाकडांवर नजर ठेवायची. एक डोळा कॅमेऱ्याला, दुसरा उघडा. लाकडांपाशी पाणी फुटलं, लहान मासोळ्या चमकल्या आणि सुरय वाऱ्यावर तोंड करून हवेत थांबला. अगदी थांबला, पंख फडफडवत, मान खाली. मी बटण अर्धं दाबलं. चौकट त्याच्या डोळ्यावर बसली. तो कोसळला, मीही कॅमेरा त्याच्यासोबत खाली आणला, पाणी उडालं, चोचीत चांदीसारखी मासोळी घेऊन तो वर आला आणि मी बटण सोडलंच नव्हतं.

मग पुन्हा. आणि पुन्हा. दीड तास. कितीदा कॅमेरा वर गेला आणि खाली आला देव जाणे, खांदा गप्प. एका क्षणी मी कॅमेरा मांडीवर ठेवला आणि मला रडू आलं. सहा महिने मी मनातल्या मनात स्वतःला निकालात काढलं होतं, आणि इथे मी उडती पाखरं काढत होते.

नामदेवभाऊ गोंधळले. "काय झालं जी? भेव लागलं काय?"

"नाही भाऊ. खूप बरं वाटून राह्यलं."

"मंग हासा ना," ते म्हणाले आणि जाळं ओढायला लागले.

दुपारी यशोदाबाईच्या घरी भात आणि मासोळीचा रस्सा झाला. पैसे द्यायला गेले तर तिने हात मागे घेतला, शेवटी दोन किलो रोहू घेतला तेव्हा मिटलं. संध्याकाळी पुन्हा पाळीवर बसलो, पण यावेळी मी कोणाला थांबा म्हटलं नाही. शनिवारी सकाळी निघून दुपारी घरी. पेट्रोल, लॉज, जेवण, भाडं धरून दोघांचा खर्च दहा हजारांच्या आसपास गेला.

आता खरं सांगते, कारण असले लेख वाचूनच मीही निर्णय घेत होते. घरी मोठ्या पडद्यावर दोन्ही कॅमेऱ्यांचे फोटो शेजारी लावले. जुन्या मोठ्या लेन्सने, उडण्याआधी ट्रायपॉडवरून टिपलेला हंस पाहाल तर पिसान्पीस मोजा. हलक्याच्या सुरयामागे धुक्यातल्या पाण्यात दाणे दिसतात, पहाटे आणि जंगलाच्या सावलीत तो कमी पडतो. भिंतीएवढा फोटो छापणार असाल आणि खांदे शाबूत असतील तर मोठीच घ्या. पण चालत फिरायचं असेल, डोंग्यात बसायचं असेल, पुढची दहा वर्षं पाखरं काढायची असतील, तर हलकाच बरा. आणि घेण्याआधी तीन दिवस भाड्याने वापरा. पहिल्या दिवशीच्या रागात निकाल देऊ नका. मी दिला असता तर आज कुंपणाकडे तोंड करून बसले असते.

परवा मोठी लेन्स विकायची जाहिरात टाकली. नागपूरहून एका मुलीचा फोन आला, कॉलेजात शिकवते, आवाज उत्साही. तिने सगळं विचारलं, काचेवर चरा आहे का, बुरशी आहे का, पडली होती का. नाही, नाही, नाही.

"मग मॅडम, इतकी चांगली लेन्स विकताय कशाला? काहीतरी खोट असेल ना?"

अशोकराव समोर पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली केला.

"लेन्समध्ये काही खोट नाही गं," मी म्हटलं. "माझा खांदा गेलाय. स्नायू फाटलाय, आता बरा व्हायचा नाही. तू ये, उचलून पाहा."