पाव सूत कमी

सकाळचे नऊ वाजले तरी धुकं हटलं नव्हतं. अशा दमट हवेत कागद रुसतो. कडेकडेने ओलावा पितो, अंगावर लाटा घेतो आणि टेबलावर ठेवला की मुकाट बसकण मारतो. म्हणून छापखान्यातल्या कापणाऱ्याने आल्या आल्या खिडक्या लावून घेतल्या, गठ्ठ्यावरचे वीस-पंचवीस ताव उचलले, फुलवले, त्यांच्यात हवा भरली आणि कानाशी नेऊन त्यांची सळसळ ऐकली. कोरडा कागद खणखणीत बोलतो, दमट कागद पुटपुटतो. आजचा पुटपुटत होता.

“तासभर थांबू,” तो मशीनमनला म्हणाला. “कागदाला अजून जाग आलेली नाही.”

“तुला आली ना? मग पुरे,” मशीनमन म्हणाला. छपाईचं यंत्र तो चालवायचा आणि तोंडही त्याच वेगाने चालवायचा. “दाखव, आज खिशात काय आहे?”

कापणाऱ्याने शर्टाच्या खिशातून खेळायच्या पत्त्यासारखा एक पत्ता काढून दाखवला. त्यावर नांगरटीत उमटलेलं एक पाऊल होतं, आणि खाली ओळ छापलेली होती : आज पाय कुठे टेकले आहेत?

“माती. परवाही मातीच होती,” मशीनमन म्हणाला. “पाय इथेच टेकलेत म्हणावं, नोकरीच्या तिसाव्या वर्षी कुठे जाणार.”

कापणाऱ्याला छापखान्यात सगळे सूतमामा म्हणत. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. याने कापलेलं सुताचंही इकडचं तिकडे होत नाही, म्हणून हे नाव पडलं. मामा हे शेपूट केस पांढरे झाल्यावर आपोआप लागलं. एकदा कापणीयंत्राचा दाब गठ्ठ्यावर बसला, पातं उतरलं आणि पाचशे ताव एका झटक्यात तुटले की परत जोडता येत नाहीत. तरी मामा पट्टी क्वचितच लावायचा. गठ्ठ्याच्या कडेवरून अंगठा फिरवायचा आणि म्हणायचा, “पाव सूत जास्त आहे.” पट्टी लावणाऱ्याला ते पाव सूत सापडायचंच.

असा माणूस पाच महिन्यांपूर्वी चुकला होता, आणि ते पत्ते त्या चुकीतूनच त्याच्या खिशात आले होते.

झालं होतं असं. शाळेतून निवृत्त झालेल्या चित्रकलेच्या बाई एक काम घेऊन आल्या. चाळीस पत्त्यांचा जोड. माती, पाणी, आग, वारा आणि पोकळी अशी पाच घराणी, प्रत्येकात आठ पत्ते. प्रत्येकावर बाईंनी स्वतः काढलेलं चित्र आणि खाली एक प्रश्न. मशीनमनने लगेच हात पुढे केला होता, “बाई, माझं भविष्य सांगा.”

“हे पत्ते काही सांगत नाहीत,” बाई म्हणाल्या होत्या. “विचारतात. सकाळी एक काढायचा, दहा मिनिटं त्याच्याकडे बघत शांत बसायचं, श्वास येऊ-जाऊ द्यायचा. उत्तर आलं तर आपलं, नाही आलं तर पत्ता दिवसभर खिशात.”

पाच घराण्यांचे पाच वेगळे ताव छापले गेले. कापताना एकच नियम असतो : छपाईयंत्राने कागद ज्या कडेने धरलेला असतो, तीच कड कापणीयंत्राच्या पाठीला लावायची. त्या कडेवर बारीक खूण असते. मामाने चार ताव बिनचूक कापले. पाण्याचा गठ्ठा मात्र त्याने उलट्या कडेने लावला. पत्ते निघाले ते पाव सुताने अरुंद. बघून कुणाला कळलं नसतं, पण जोड पिसताना ते आत बसत होते, आणि पाठीवरून पत्ता ओळखता आला तर मग काढण्यात अर्थ काय राहिला? मालकांनी पाण्याचा ताव पुन्हा छापून घेतला. “छपाई सरकली असणार,” असं म्हणून त्यांनी मशीनमनकडे बघितलं, आणि मामा काहीच बोलला नाही.

कारण गठ्ठा उलटा का लागला, ते त्याला ठाऊक होतं. ती बारीक खूण त्याला दिसलीच नव्हती.

डावा डोळा काही महिने धुरकट होता. संध्याकाळी दिव्यांभोवती कडी दिसायची. आणि हे सगळं त्याने पूर्वी ऐकलेलं होतं, वडिलांच्या तोंडून. वडील पन्नाशीत होते तेव्हा दिव्यांभोवती कडी दिसतात म्हणायचे. मग बाजूचं दिसेना, मग समोरचं. शेवटची अकरा वर्षं मामा त्यांना कोपराला धरून फिरवत होता. कापणाऱ्याचे डोळे गेले की दुसऱ्या दिवशी कामही जातं. त्यामुळे मामाने डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं नाही असं ठरवून टाकलं. बघितलंच नाही तर निदान कळणार तरी नाही, असा त्याचा हिशोब. डोळ्याच्या बाबतीत इतका आंधळा हिशोब दुसऱ्या कुणी केला नसेल.

पाण्याचे बाद झालेले अरुंद पत्ते आणि बाकी घराण्यांचे जादा उरलेले, असा एक जोड त्याने घरी नेला. फुकट जाण्यापेक्षा, म्हणून. पहिल्या दिवशी उगाच एक पत्ता काढला. वारा आला. दोरीवर वाळणारे कपडे, आणि प्रश्न : काय सोडलं तर उडून जाईल? उत्तर काही सुचलं नाही, पण दहा मिनिटं कुणाशी न बोलता बसल्यावर छातीतली धडधड खाली आली. मग रोजचंच झालं. बायको गॅसवर काहीतरी ढवळत असायची, आणि हा स्वयंपाकघरातल्या टेबलाशी पत्ते पिसून एक काढायचा, समोर ठेवायचा आणि गप्प बसायचा.

त्या धुक्याच्या दिवसानंतर दुसऱ्या सकाळी बायकोने गॅस बारीक केला आणि ती समोर येऊन बसली. ती कपडे दुरुस्तीच्या दुकानात काम करायची. चेन बदलणं, कंबर सैल करणं, बाह्या आखूड करणं. लोकांच्या शिवणी उसवून आत काय दडलंय हे बघण्यात तिची वीस वर्षं गेली होती.

“अहो, आज काय?”

“आग.”

“काल माती, त्याआधी पोकळी. पाणी कधी येतं तुम्हाला?”

“येतं की.”

“कधी? मला सांगा ना. मी तुम्ही गेल्यावर एक पत्ता काढते रोज. मला आठवड्यातून दोनदा पाणी. तुम्हाला पाच महिन्यांत एकदा नाही. टाकीसुद्धा याहून जास्त वेळा भरते.”

मामाला हसू आलं, पण ते अर्ध्यातच थांबलं. त्याने आठवून बघितलं. खरंच एकदाही नाही.

“परत काढा,” बायको म्हणाली. “मी पिसते, मीच धरते. तुम्ही फक्त ओढा.”

तिने पत्ते पंख्यासारखे धरले. मामाने अंगठा कडांवरून फिरवला आणि एक ओढला. वारा. दुसरा ओढला. माती. तिसरा, परत वारा.

“थांबा,” बायको म्हणाली. “तुमचा अंगठा एका पत्त्यावर थांबला आणि पुढे गेला. तीनदा बघितलं मी.” तिने तो पत्ता स्वतः उपसला आणि उलटला. नदी. आणि नदीकाठी रिकामी होडी.

मग मामाने सगळे पत्ते गोळा केले, डोळे मिटले आणि अंगठ्याने एकेक पत्ता बाजूला सारू लागला. इकडे, इकडे, तिकडे, इकडे. संपल्यावर त्याने तिकडचा छोटा ढीग बायकोपुढे सरकवला.

“मोज.”

“आठ,” ती म्हणाली. “आठही पाणी. डोळे मिटून? कसं काय?”

“पाव सूत कमी आहेत,” मामा म्हणाला. स्वतःच्या अंगठ्याकडे तो असा बघत राहिला, जणू एखाद्या भरवशाच्या माणसाने आपल्यामागे परस्पर कारभार केला असावा. एकीकडून बरंही वाटत होतं. हात शाबूत होता, अगदी पहिल्यासारखा. पण हाच हात रोज सकाळी त्याला त्या चुकलेल्या पत्त्यांपासून दूर ठेवत होता, आणि हा दहा मिनिटं डोळे लावून बसून मन शांत झालं म्हणत होता.

बायकोने ते आठ पत्ते ओळीत मांडले आणि एकेक प्रश्न वाचायला लागली. “कोण वाट बघतंय? काय वाहून गेलं? कुठे अडलं आहे?” पाचव्या पत्त्यावर झाकण लावलेली बादली होती. “झाकण लावून काय ठेवलं आहे?”

“डावा डोळा,” मामा म्हणाला.

मग त्याने सगळं सांगितलं. धुरकटपणा, दिव्यांभोवतीची कडी, वडील, छापखान्यातली खूण, आणि मशीनमनवर आलेला आळ. सांगून झाल्यावर बायको उठली आणि तिने गॅस बंद केला.

“म्हणून बैठकीतली खुंटी तुम्ही तिरकी ठोकली,” ती म्हणाली. “मी म्हणतेय, या माणसाला झालंय काय. चपला घाला.”

“कामावर—”

“कामावर मी कळवते. चपला.”

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई वयाने त्याच्या धाकट्या बहिणीएवढ्या होत्या. त्यांनी डोळ्यात थेंब टाकले, हनुवटी टेकवायला लावली, एकदा निळा दिवा, एकदा पांढरा. डोळ्यातला दाब दोनदा मोजला. मामाने वडिलांचं सांगितलं तेव्हा त्यांनी तिसऱ्यांदा मोजला. बायको दाराशी पर्सचा पट्टा पिळत उभी होती.

“वडिलांना काचबिंदू असणार,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “तुम्हाला तो नाही. दाब ठीक आहे, मागची नसही छान आहे. तुमचा मोतीबिंदू आहे, डाव्या डोळ्यात. पिकलाय चांगला. काढून भिंग बसवू.”

“मग दिसेल?”

“दिसेल. वडिलांचं तसं होतं, म्हणून दर वर्षी दाब मोजून जायचं. आणि एक सांगा, इतके महिने काय करत होतात?”

“पत्ते खेळत होते,” बायको म्हणाली.

बाहेर पडल्यावर त्या थेंबांमुळे मामाला समोरचं धड काही दिसेना. धुकं कधीच विरलं होतं, ऊन पडलं होतं, आणि रस्ता, माणसं, दुकानांच्या पाट्या सगळं एकमेकांत मिसळून लखलखत होतं. पायरीशी तो अडखळला. बायकोने त्याचा कोपर धरला. त्याच क्षणी त्याला ते ओळखीचं वाटलं. तीच पकड, तेच अर्धं पाऊल पुढे चालणं. फक्त या वेळी तो दुसऱ्या बाजूला होता.

“हे किती वेळ असं राहणार म्हणाल्या त्या?”

“चार तास.”

“चार तास,” मामा म्हणाला आणि रस्त्यात उभा राहून हसायला लागला. डोळ्यांतून पाणी आलं ते थेंबांचं की कशाचं, हे त्यालाही सांगता आलं नसतं. अकरा वर्षं नव्हे. चार तास. बायको म्हणाली, “लोक बघतायत,” आणि तीही हसायला लागली.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो मालकांच्या टेबलाशी उभा राहिला. मशीनमनलाही बोलावून घेतलं होतं. मामाने खिशातला बादलीचा पत्ता टेबलावर ठेवला आणि सरळ सांगितलं, “छपाई सरकली नव्हती. मला खूण दिसली नव्हती, मी गठ्ठा उलटा लावला. तेव्हाच बोलायला हवं होतं.”

मालकांनी आधी पत्ता बघितला, मग मशीनमनकडे बघितलं, मग बराच वेळ पेन शोधलं. ते खिशाला होतं.

“पुढच्या आठवड्यात डोळा करून घ्या,” ते म्हणाले. “तोवर खुणा हा बघेल, गठ्ठा तुम्ही लावा. पात्याचं बटण दोघांनी मिळून. नवा कापणारा कुठे शोधू मी, पंचावन्न वर्षांचा?”

मशीनमन बाहेर येईपर्यंत गप्प होता. हे इतकं अवघड होतं की मामाला तो ओरडला असता तर बरं वाटलं असतं.

“पाच महिने,” तो शेवटी म्हणाला. “पाच महिने मालक माझ्या प्रत्येक पहिल्या तावावर पट्टी लावतायत. मी घरी बायकोला सांगितलं, माझा हात गेला आता. तिने मला बदामाचं तेल चोळायला लावलं मनगटाला. रोज.”

“चुकलंच माझं,” मामा म्हणाला.

“चुकलंच. त्या तेलाचा वास मला अजून येतो.” त्याने यंत्राचा पट्टा पुसायला घेतला, आणि थोडा पुसून झाल्यावर मान न वळवता विचारलं, “पण दिसणार ना तुला?”

“दिसणार.”

“मग बरं झालं,” तो म्हणाला, आणि त्याने इतक्या जोराने श्वास सोडला की टेबलावरचा सुटा ताव हलला. “आता पाच महिने कातरण तू भरायची. माझी पाळी, तुझी पाळी काही नाही.”

कातरण म्हणजे कापून खाली पडलेल्या कागदाच्या फिती. त्या रोज आठ-दहा पोत्यांत भरून मागच्या दाराशी ठेवाव्या लागतात. कंबर मोडते आणि नाकात धूळ जाते. मामाने बादलीचा पत्ता खिशात ठेवला, कोपऱ्यातला झाडू घेतला आणि यंत्राखालच्या फिती ओढून काढायला लागला. आज हवा कोरडी होती, कागद खणखणीत वाजत होता. पहिलं पोतं गळ्यापर्यंत भरलं तेव्हा त्याने पायाने ते दाबलं, अजून दोन ओंजळी मावतात का ते बघितलं, आणि तोंड बांधायला सुतळी शोधू लागला.