कौसाबाईंच्या शौचालयाची तपासणी

चहाचा घोट गिळून घ्या आधी, मगच सांगतो. मागच्या वेळी हे ऐकताना एकाच्या नाकातून चहा आला आणि बोल मला लागला.

तुम्हाला माहीतच आहे, मी नेदरलँडला सार्वजनिक आरोग्य शिकून परत आलो. येताना दोन गोष्टी आणल्या. एक पदवी, एक आजार. पदवी भिंतीवर आहे, आजार मोठ्या आतड्यात. आतड्याला आतून सूज येते, जखमा होतात. गोळ्या चालू असतात, महिनाभर सगळं ठीक असतं आणि मग एका दुपारी पोटातून हुकूम सुटतो. हुकूम सुटला की माझ्या हातात तीन मिनिटं असतात. ती मी घड्याळाशिवाय मोजू शकतो.

असा माणूस शहरात काय बघत फिरणार? लोक इथं लेणी बघायला येतात. मी स्वच्छतागृहं बघतो. पडेगावच्या आमच्या घरापासून छावणीच्या बाजारापर्यंत कुठल्या हॉटेलात कुणी हटकत नाही, कुठं कडी लागत नाही, कुठं नळाला फक्त सकाळी पाणी असतं, सगळं मला तोंडपाठ.

मग माझ्यातला समाजसेवक जागा झाला. एकट्यानं हे ज्ञान पोटात ठेवायचं? माझ्यासारख्या रुग्णांसाठी नकाशाच करायचा! जाड रजिस्टर घेतलं, रकाने आखले, गळ्यात ओळखपत्र अडकवलं. ते मीच छापलेलं. त्यावर माझा फोटो आणि खाली 'समन्वयक'. कुणाचा समन्वयक, ते मलाही सांगता आलं नसतं.

चितेगावच्या एका कारखान्यात असाच आजार असलेला एक जण कामाला आहे. त्या दिवशी त्याला भेटायला गेलो होतो. त्याच्या आईनं ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याचा झणझणीत ठेचा वाढला. तो स्वतः दहीभात खात होता. शहाणा माणूस. मी मात्र आपल्या मातीची चव वगैरे बोलत ठेचा दोनदा मागून घेतला.

परतताना पैठण रोडवर ट्रक तुंबले होते, म्हणून स्कूटी शेतातल्या रस्त्याला घातली. दहाव्या मिनिटाला हुकूम सुटला.

समोर एक वस्ती. पहिल्याच घराच्या अंगणात पिवळी पक्की खोली, दारावर रंगानं टाकलेला सरकारी नंबर. शौचालय! मी स्कूटी आडवीच सोडली आणि रजिस्टर काखेत मारून धावलो. आता रजिस्टर कशाला न्यायचं? सवय, दुसरं काय.

अंगणात एक बाई शेंगा फोडत बसल्या होत्या. या कौसाबाई. आता माणसानं इथं काय म्हणावं? 'मावशी, पोट बिघडलंय.' संपला विषय. पण माझ्या तोंडून रजिस्टरातले रकानेच बाहेर पडले, तेही ओळीनं.

"आपल्या घरी शौचालय आहे का? वापरात आहे का? पाण्याची सोय आहे का?"

कौसाबाईंनी माझं ओळखपत्र पाहिलं, रजिस्टर पाहिलं आणि पदर सावरून उभ्या राहिल्या.

"अवं, या की हिकडं. तपासणीचे साहेब आलेत."

त्यांचे यजमान आसाराम गोठ्यातून आले. त्यांनी भिंतीलगत बाज टाकली, मला दंडाला धरून बसवलं. मी उठलो. पुन्हा बसवलं. मी म्हणालो, बसायला वेळ नाही, आधी शौचालय दाखवा. यावर ते आणखी घाबरले आणि चहा ठेवायला ओरडले. मला घाम फुटला होता, दात आवळलेले होते. त्यांना तो साहेबाचा राग वाटला. मी पाय आवळून चार पावलं इकडं, चार पावलं तिकडं करत होतो. त्यांना वाटलं, अंगणाची मापं घेतोय.

तिकडं आसाराम शौचालय रिकामं करत होते. आधी कडबा निघाला. मग गोवऱ्यांची पाटी. मग ज्वारीचं पोतं. मग एक अख्खा कूलर. कूलर! माझी तीन मिनिटं केव्हाच संपली होती, आता नुसता नेटावर उभा होतो. मी डोळे मिटून घेतले.

तेवढ्यात सरपंच मोटारसायकलवर आले. बहुतेक फोन गेला होता. त्यांनी विनंती केली की साहेबांनी दारातूनच फोटो काढावा, सगळे तसंच करतात.

मी म्हणालो, "मी आत जाणार. बसून बघणार."

सरपंच आसारामना हळूच म्हणाले, "लई कडक हाय. पहिल्यांदा असा बघितला."

मी दार ढकललं. आत कोपऱ्यात शेळी, तिच्या पोटाशी दोन ओली पिल्लं. आसाराम तिला ओढायला धावले, तर कौसाबाई आडव्या झाल्या. पहाटेच व्यालीय, म्हणाल्या, बाळंतिणीला वाऱ्यावर काढायची नाय, मग साहेब असो की कलेक्टर.

"राहू द्या तिला," मी म्हणालो आणि कडी लावली.

आतलं फार सांगत नाही. एवढंच सांगतो की शेळी समजूतदार होती. तिनं तोंड फिरवलं.

बाहेर आलो तेव्हा अर्धी वस्ती जमली होती. सरपंचांनी माझ्या खांद्यावर शाल टाकली, हातात नारळ दिला. शेळीसकट पास केलं म्हणून कुणीतरी टाळीही वाजवली. कौसाबाई मात्र हसत नव्हत्या. त्या जवळ आल्या.

"साहेब, घरकुलाच्या यादीत नाव हाय आमचं. दोन पावसाळे झाले वाट बघतोय. शेळीपायी तेवढं काटू नका."

मला जमीन दुभंगावी असं वाटलं. देशसेवा करायला आलेला मी, आणि एका बाईला माझ्यामुळं घराचा घोर लागलेला. मी सगळं सांगून टाकलं. साहेब नाही, तपासणी नाही, आतड्याचा आजार आहे, ठेचा दोनदा घेतला.

कौसाबाईंनी एक मोठा श्वास सोडला. मग माझ्याकडं असं बघितलं, जसं माझी आई बघते.

"मग आधी सांगायचं ना, भाऊ. तुम्ही टेकून बसले ती भिंत कशाची हाय? दिराचा संडास हाय तो. नवाकोरा. फरशी, नळ, बसायला खुर्चीवाणी भांडं."

"मग मला तो का नाही दाखवला?"

"तुम्ही आमच्या घरचा इचारला. साहेबाशी खोटं कसं बोलावं? पाव्हणा म्हणून आले असते तर हाताला धरून नेलं असतं."

मी अंगावर शाल, हातात नारळ घेऊन उभा होतो. पन्नास माणसं बघत होती. काहीतरी भारदस्त बोलून निघून जावं असं मनात होतं. तेवढ्यात ठेच्याची दुसरी वाढ आठवली. म्हणजे मला नाही, पोटाला.

"मावशी," मी मान खाली घालून विचारलं, "तो आत्ता मोकळा आहे का?"

कौसाबाईंनी माझ्या हातातला नारळ काढून घेतला.

"पळ," त्या म्हणाल्या. "शाल पण दे हिकडं."