जवस धुत नसतात

साल १९९९. मला अडुसष्टावं लागलेलं, शाळा दुसरीपर्यंत. बदनापूरच्या बाजारात बैलाच्या वेसणीचा भाव करून राह्यल्तो, तर गावचा एक जण सायकल आडवी टाकून माझ्याकडं आला. म्हणाला, जल्दी घरी चला. माझी बायको गिरजा चुलीपुढं बसल्या बसल्या गेली... मला न सांगता. लग्न झाल्यापासून कुठलीच गोष्ट तिनं मला धड सांगितली नाही, तर ही काय सांगणार होती.

आमचं भांडण जवसाचं. रब्बीच्या ज्वारीत कडेकडेनं आम्ही जवस पेरायचो. ते घरात आलं की गिरजा सुपात पाखडायची, निवडायची, कोरड्या फडक्यानं पुसायची आणि थेट तव्यावर. तडतडलं की उतरवायचं, लसूण, लाल मिरची, मीठ घालून खलबत्त्यात कुटायचं. त्या चटणीवर कच्चं तेल घेतलं की मला एक भाकरी जास्तच जायची, ते कबूल. पण खळ्याची माती, बैलांचे खूर, सगळं त्या दाण्याला लागलेलं. मी म्हणायचो, "अगं, पाण्यातून काढ की एकदा." ती म्हणायची, "जवस धुत नसतात." "का?" "नसतात." बस, एवढंच. दरसाल. तांदूळ धुवायची, डाळ धुवायची, मंग जवसानंच काय पाप केल्तं? मला वाटायचं, आळस. तसं तोंडावर बोललो की म्हणायची, "मंग तुम्हीच करा." आता मी काय चुलीपुढं बसणार होतो?

तिचे दिवस झाले. महिनाभर राहिलेली माझी लेक मंदा घनसावंगीला सासरी निघायची तयारी करायला लागली. लग्नानंतर मंदा आईच्या हातच्या चटणीच्या डब्याशिवाय कधी गेली नव्हती. गल्लीतल्या बायका ओसरीवर बसल्या होत्या, त्यातली एक मला ऐकू जाईल अशी म्हणाली, "आता पोरीच्या हातात कोण काय देतंय." माझं डोकं फिरलं. म्हटलं, "उद्या डबा जाईल. मी करतो." मंदा म्हणाली, "अण्णा, मी करते की."

"माहेरचा डबा लेकीनं स्वतःच करून न्यायचा असतो का? बस तू."

संध्याकाळी ती विहिरीकडं गेली तेवढ्यात मी पातेलंभर जवस घेतलं आणि दोन पाण्यानं चांगलं धुतलं. जन्मभराची हौस. तर बघता बघता त्याला चीक सुटला. भेंडी चिरून पाण्यात टाकावी तसं बुळबुळीत. पाणी ओतायला गेलो तर जवसाचा गोळाच घरंगळत निघाला. तसंच तव्यावर टाकलं, तर लगदा... उलथनंसुद्धा त्यात अडकून बसलं. मंदा घागर घेऊन दारात उभी.

"अण्णा, जवस धुतलं तुम्ही?"

"न धुता खायचं का?"

"आई कधी धुवायची?"

"तेच तर मी तिला सांगत होतो."

मंदा पदर तोंडाला लावून हसायला लागली. आई गेल्यापासून पहिल्यांदाच. मी मात्र तवा खरवडत बसलो. राग तव्याचा नव्हता. धुतलं की चिकटतं, एवढं एक वाक्य बोलायला हिचं तोंड दुखत होतं का? का हा बाबा कधीतरी स्वतः करील आणि फजिती होईल, म्हणून ठेवलं होतं राखून? असेल. बाई बिलकुल तशीच होती. आणि आता विचारायचं म्हटलं तर समोर न्हाई.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुसरं जवस काढलं. सूप मला धरता येईना, निम्मं अंगणात उडालं, त्यावर चिमण्या उतरल्या. राहिलेलं फडक्यानं पुसलं, जसं होतं तसं तव्यावर टाकलं आणि तडतडेपर्यंत जागचा हललो नाही. कुटून डबा भरला. मंदानं पिशवीत ठेवायला मागितला, मी दिला नाही. उघड्या हातात धरून, गल्लीतल्या एकेका दारासमोरून, सावकाश, बस थांबते तिथपर्यंत मीच घेऊन गेलो.