हळदीचा अंगठा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही — आणि ज्यांना सांगायला हवं होतं, त्यांना तर नाहीच. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. किंवा ओळखतही असाल. एस.टी. स्टँडवरच्या पुस्तकांच्या गाळ्यात माझी एखादी कादंबरी तुम्ही उचलली असेल आणि गाडी लागली तरी खाली ठेवली नसेल. तसंच लिहिते मी. खाली ठेवताच येऊ नये असं.

आणि ते कसं लिहायचं हे शिकवतेही. वर्षातून दोनदा, पाचगणीच्या एका हॉटेलात, 'खपणारी कादंबरी कशी लिहावी' या विषयावर, चहा-जेवणासकट. माणसं वह्या उघडून बसतात आणि मी त्यांना हळदीच्या अंगठ्याची गोष्ट सांगते. माझी म्हणून सांगते.

ती माझी नाही. ती अण्णांची आहे. पण ही चोरी तशी किरकोळ. तेवढ्यासाठी मी तुमचा वेळ घेतला नसता.

अण्णा रहिमतपूरच्या एका वाचनालयात ग्रंथपाल होते. लग्नाआधी पाच वर्षं मी त्यांच्या हाताखाली काम केलं. मूळचे सांगलीकडचे, जैन. सूर्यास्ताआधी जेवायचं म्हणून वाचनालय उजेडीच बंद करायचे आणि त्यापायी सभासदांची बोलणी खायचे. मला तेव्हा लेखिका व्हायचं होतं. कुणाला होत नाही त्या वयात? फरक इतकाच, की मला खपणारी लेखिका व्हायचं होतं, आणि हे अण्णांनी पहिल्याच महिन्यात ओळखलं.

परत आलेल्या पुस्तकांचा ढीग ते रोज टेबलावर मांडायचे. वाचायचे नाहीत, तपासायचे. वाचणाऱ्यानं कोपरा कुठं दुमडलाय ते बघायचे.

"ह्ये बघ पोरी. येकानं दुमडलं, तर त्येला झोप आली आसंल. चौघांनी ह्याच पानावर दुमडलं — मंग झोप लेखकाला आल्याली."

आणि मग एखाद्या पानावर पिवळा अंगठा सापडायचा. हळदीचा. तो सापडला की अण्णा खुलायचे.

"फोडनी करपाय लागली, तरी बाईनं पुस्तक सोडलं न्हाई. ह्यो अंगठा कंच्या पानावर उठतोय, त्येवढं शीक. बाकीचं समदं मागनं येतंय."

मी शिकले. वही केली. अंगठा उठलेल्या पानावर काय घडतंय, काय लपवलंय, प्रकरण कुठं तोडलंय — सगळं टिपून ठेवलं. लग्न होऊन साताऱ्याला आले आणि त्या वहीवरून पहिली कादंबरी लिहिली. पुण्याच्या प्रकाशकानं ती हातोहात विकली. मग दुसरी, तिसरी, चौथी. आता तर मोबाईलवरही माझ्या मालिका चालतात, आणि वाचक कुठल्या ओळीवर थांबला ते मोबाईलच सांगतो. कोपरे बघत बसायला नकोत.

चौथ्या कादंबरीनंतर एका दुपारी अण्णा साताऱ्याला माझ्या घरी आले. खाकी पिशवी मांडीवर घेऊन बसले. नुसतं पाणी प्यायले. मग पिशवीतून कागदांचा गठ्ठा काढला. एका बाजूनं लिहिलेला, निळ्या शाईचा. कादंबरी होती. पंचवीस वर्षं लिहीत होते म्हणे — आणि पाच वर्षं शेजारी बसून मला पत्ता नव्हता.

"तुज्या प्रकाशकाला दाव. न्हाई म्हनला तरी राग न्हाई," म्हणाले. दुसरी प्रत नव्हती.

सांगलीच्या हळद बाजारात हळकुंडं निवडणारी एक बाई. बस, एवढीच गोष्ट. खून नाही, पळून जाणं नाही, प्रकरणाच्या शेवटी दारावर थाप नाही. जन्मभर हळदीत राबून तिचे तळवे कायमचे पिवळे झालेत आणि पाहुण्यांसमोर ती ते पदराखाली लपवते. मग मुलीचं लग्न निघतं. हळदीच्या दिवशी मांडवातल्या सगळ्या बायकांचे हात पिवळे होतात, आणि ती पहिल्यांदा पदराखालून हात बाहेर काढते.

ते पान मी गॅसपाशी उभी राहून वाचलं. फोडणी करपली. धुराचा ठसका लागला तेव्हा भानावर आले आणि बघते तर — पानाच्या कडेला पिवळा अंगठा. माझा.

मला आनंद व्हायला हवा होता ना? रडायला यायला हवं होतं. मी जळाले. दुसरा शब्द नाही. या माणसाला सगळ्या युक्त्या माहीत होत्या, त्यानंच मला शिकवल्या होत्या, आणि स्वतः एकही वापरली नव्हती. तरी माझा अंगठा उठला. मग माझी ती चार पुस्तकं काय होती?

मी ती प्रकाशकाला दिलीच नाही. तीन महिने कपाटात साड्यांखाली ठेवली. पण परत करायची तर तो अंगठा होता, आणि अण्णांच्या नजरेतून तो सुटला नसता. हळदीचा डाग साबणानं जात नाही, उन्हानं जातो — हे बायकांना शिकवावं लागत नाही. मी ते पान गच्चीवर नेलं, कडांवर खडे ठेवले आणि चार दिवस उन्हात घातलं. सांडगे वाळत घालावेत तसं. रोज दुपारी जाऊन बघत होते, किती उडालं ते.

मग कोपरे दुमडले. अकरा पानांचे. कुठले? सर्वांत चांगले. चांगलं कुठलं ते मला बरोबर कळत होतं — त्यांनीच शिकवलं होतं ना. एकदा दुमडून थांबले नाही. दुमडले, उलगडले, पुन्हा दुमडले, चार वेगळ्या हातांनी दुमडल्यासारखे.

रहिमतपूरला गेले. म्हटलं, प्रकाशकानं चार जणांना वाचायला दिली, पण पकड घेत नाही म्हणतात. अण्णांनी टेबलावर गठ्ठा ठेवला आणि परत आलेलं पुस्तक तपासावं तसे कोपरे बघू लागले. हळदीच्या दिवसाच्या पानावर थांबले.

"हितं चौघंबी थांबलं?"

"हो, अण्णा."

"मंग डुलका मलाच लागल्याला," असं म्हणून हसले. खरंच हसले.

वर्षभरात त्यांनी कादंबरी पुन्हा लिहिली. दुमडलेली अकराही पानं काढून टाकली. त्या जागी एक खून आला, हरवलेलं पत्र आलं. ती मात्र मी प्रकाशकाकडे स्वतः नेऊन दिली, लगेच. ती परत आली, आणि या वेळी मला खोटं बोलावं लागलं नाही. का नेली, ते तुम्हाला कळलं असेलच. नेली होती असं म्हणता यावं म्हणून.

त्यानंतर त्यांनी काही लिहिलं नाही. दोन वर्षांनी गेले. शोकसभेत मी बोलले, त्यांना गुरू म्हटलं, रडले. रडणं खरं होतं. त्यानं काय होतं?

गेल्या महिन्यात त्याच वाचनालयानं मला वाचकांशी गप्पा मारायला बोलावलं. नवीन ग्रंथपाल मुलीनं माझी पहिली कादंबरी कौतुकानं पुढं केली. "मॅडम, सगळ्यात जास्त हीच जाते," म्हणाली आणि चहा सांगायला बाहेर गेली. मी पुस्तक उघडलं. पहिल्या पानावर तारखांची चिठ्ठी होती, शिक्क्यांनी गच्च भरलेली. अण्णांच्या हातची. रद्दी कागद कापूनच ते चिठ्ठ्या करायचे, आणि डिंक फक्त वरच्या कडेला लावायचे. खालून ती सुटी होती. मी उलटली.

निळी शाई. "…पदराखालून हात काढले. कुणी बघितलं नाही, कारण आज सगळ्यांचेच हात…" पुढं कात्री चाललेली.

माझ्याच पुस्तकात ती मुद्दाम लावली होती का? की हाताला आली ती लावली? बाकीचे तुकडे कुठल्या कुठल्या पुस्तकांत असतील? मी कपाटांकडे पाहिलं. एकही उघडलं नाही.

टेबलावर डिंकाची बाटली होती. मुलगी अजून आली नव्हती. मी चिठ्ठीच्या मागे, त्या ओळींवर सगळीकडे डिंक लावला, ती पानाला सपाट चिकटवली आणि सुकेपर्यंत अंगठ्यानं दाबून धरली.